युद्ध थांबले ते तीन रविवार

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर हा देश आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडासाच मोठा. १९८० ते १९९२ अशी बारा वर्षे तो यादवी युद्धात होरपळत होता. एका बाजूला सरकारी फौजा, दुसऱ्या बाजूला डोंगराळ मुलखात ठाण मांडून बसलेले बंडखोर. या संघर्षात सुमारे पंच्याहत्तर हजार माणसे मृत्युमुखी पडली. परंतु त्याच देशात १९८५ साली तीन रविवार असे उजाडले की, त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या बंदुका खाली आल्या. कारण एकच होते: लहान मुलांना लस टोचायची होती.

या कल्पनेचा पाठपुरावा केला तो संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीचे, म्हणजेच युनिसेफचे तत्कालीन प्रमुख जेम्स ग्रँट यांनी. राष्ट्राध्यक्ष होसे नापोलेओन दुआर्ते यांच्यापुढे त्यांनी जणू एक ताळेबंदच मांडला. वर्षभरात दोन्ही बाजूंचे मिळून जितके लोक लढाईत मरतात, त्याहून अधिक मुले केवळ लस न मिळाल्याने मरतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि पोलिओ या रोगांना सैनिक कोण आणि बंडखोर कोण, हे ठाऊक नसते. मुलांचे मरण हे कोणत्याच पक्षाचे यश नव्हते. म्हणूनच त्यांच्या जगण्यावर दोन्ही पक्षांचे एकमत होऊ शकले.

बंडखोरांपर्यंत निरोप पोहोचवण्याचे काम कॅथॉलिक चर्चने अंगावर घेतले. सह्या-शिक्क्यांचा करारनामा झाला नाही. मध्यस्थावर विश्वास ठेवून दिलेला शब्द, एवढाच काय तो आधार. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या हुंडीचा व्यवहार शब्दावर चालला, त्यांना या आधाराचे मोल वेगळे सांगायला नको. शब्द एकदा मोडला की पेढीची पत जाते. येथे मात्र पतीबरोबर मुलांचे प्राणही जाणार होते.

दिवस ठरले ते ३ फेब्रुवारी, ३ मार्च आणि २१ एप्रिल. एकच दिवस का नाही, याचे उत्तर लशीच्या गुणधर्मात आहे. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांची एकत्रित लस आणि पोलिओची लस यांच्या एकाहून अधिक मात्रा लागतात, आणि दोन मात्रांमध्ये किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. पहिल्या मात्रेने आरंभ होतो, संरक्षण पुरे होत नाही. शिवाय लस निर्मितीपासून बाळाच्या दंडापर्यंत सतत थंड ठेवावी लागते. ही साखळी वाटेत एकदा तुटली की माल वाया. म्हणजे शब्द एकदा पाळून भागणार नव्हते. तो तीनदा, ठरल्या तारखेलाच पाळावा लागणार होता. मधल्या आठवड्यांत लढाई पुन्हा पेटत असे आणि तरीही पुढच्या तारखेला माता मुलांना कडेवर घेऊन केंद्राची वाट धरत. बंडखोरांच्या ताब्यातील मुलखात आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने साहाय्य केले. त्या वर्षी सुमारे अडीच लाख मुलांना लस मिळाली. पुढे युद्ध संपेपर्यंत दरवर्षी असे ‘शांततेचे दिवस’ पाळले गेले.

या उपक्रमावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. रविवारी लस घेतलेले मूल सोमवारी गोळीला बळी पडू शकते. मग या विरामाला अर्थ काय? एल साल्वादोरमधील युद्ध त्या तीन रविवारांनी संपले नाही. शांतता करारावर स्वाक्षऱ्या होण्यास जानेवारी १९९२ उजाडावा लागला. परंतु जी मुले गोवराने मेली असती, ती तो दिवस पाहण्यास जिवंत होती. पूर्ण शांतता येईपर्यंत अपूर्ण शांतता नाकारावी, असे म्हणण्याचा अधिकार निदान त्या मुलांच्या मातांनी तरी कोणास दिला नसता.

हा धडा पुढे इतरत्र गिरवला गेला. १९८९ मध्ये सुदानमध्ये सरकार आणि दक्षिणेतील बंडखोर या दोहोंच्या संमतीने अन्नधान्य नेण्याचे मार्ग खुले करण्यात आले. अगदी अलीकडचे उदाहरण गाझाचे. तेथे २०२४ च्या उन्हाळ्यात दहा महिन्यांच्या एका बाळाला पोलिओने अपंगत्व आले. पंचवीस वर्षांतील ही तेथील पहिलीच घटना. १ सप्टेंबरपासून ठरावीक भागांत, ठरावीक तासांपुरते हल्ले थांबवून दहा वर्षांखालील सुमारे साडेपाच लाख मुलांना लशीचे थेंब पाजण्यात आले. पुढची मात्रा ऑक्टोबरमध्ये द्यायची होती. पण उत्तर गाझात भडिमार सुरू राहिल्याने तेथील मोहीम लांबणीवर पडली; ती नोव्हेंबरमध्ये, तीही आक्रसलेल्या क्षेत्रातच होऊ शकली. पहिली मात्रा मिळाली आणि दुसरीची वाट पाहावी लागली, अशा मुलांच्या बाबतीत शब्द वेळेवर न पाळण्याची किंमत काय, हे तेथे दिसून आले.

वस्तुतः हा केवळ दयेचा प्रश्न नाही. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारानुसार, पंधरा वर्षांखालील मुलांसाठी पाठवलेले आवश्यक अन्न, वस्त्रे आणि पौष्टिक औषधे शत्रुपक्षाच्या मुलांकरिता असली तरी त्यांना वाट देणे, काही अटींवर, राष्ट्रांवर बंधनकारक आहे. नियम आहे; पाळणारे हात मात्र दर वेळी नव्याने शोधावे लागतात.

दूर देशीच्या युद्धाची बातमी आली की घरोघरी मन हेलावते आणि मदतीचा हात सहज पुढे होतो. तो हात पहिल्या मात्रेपाशीच थांबू नये. बातम्या ओसरल्यानंतरही दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेची तारीख येतच असते. त्या दिवशी केंद्रावर लस थंड असावी, टोचणारा हात हजर असावा आणि वाट मोकळी असावी, एवढ्यासाठीच सारे दान, सारी मध्यस्थी आणि सारा दिलेला शब्द असतो.