कप्तान हार्डिंजचा संगमरवर

माथेरानच्या हार्ट पॉइंटवरून रात्री मुंबईचे दिवे दिसतात. हार्ट कोण, हे आम्ही माथेरानकर कधी विचारत नाही. लुईझा, अलेक्झांडर, शार्लोट लेक ही नावं आम्हाला करवंदा-जांभळांइतकीच घरची झालेली आहेत. मॅलेट स्प्रिंगचा मॅलेट तेवढा शाळेत भेटला होता: ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट, १८५० साली डोंगर चढून वर आला आणि त्याने माथेरान ‘शोधलं’. त्याच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या इथे वावरणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांनी शोधलं नव्हतं, एवढंच. साहेबाचं नाव दिसलं की त्याचा माग काढायची खोड मला या डोंगरानेच लावली. त्या खोडीपायी एकदा पायथ्याच्या नेरळहून लोकल धरून मी थेट मुंबईच्या फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये जाऊन उभा राहिलो.

चर्चगेट स्टेशन ज्याच्या नावाने ओळखलं जातं, ते हे चर्च. किल्ल्याच्या तटाला या चर्चकडे जाणारा दरवाजा होता. तट पडला, दरवाजा गेला, नाव मात्र लोकलच्या पाटीवर राहिलं. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळात पाया घातलेली ही इमारत चाळीसेक वर्षं अर्धवट पडून होती. शेवटी रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने वर्गणी गोळा करून ती पुरी केली आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं.

आत शिरलं की भिंतीच बोलू लागतात. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर, कर्नल, व्यापारी, तरुणपणी गेलेल्या बायका, सगळे संगमरवरात. खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेसमोर उभा राहिलेला कर्नल बर इथे आहे, गव्हर्नर जोनाथन डंकन आहे. या गर्दीत एक स्मारक आरमारी अधिकाऱ्याचं आहे: कप्तान जॉर्ज निकोलस हार्डिंज. ८ मार्च १८०८ रोजी तो समुद्रावर मारला गेला. सत्ताविसावं वर्ष पुरं व्हायला महिना उरला होता.

त्या काळी हिंदी महासागरात इंग्रज व्यापाऱ्यांची झोप फ्रेंचांनी उडवली होती. मॉरिशस बेट फ्रेंचांकडे होतं. तिथून त्यांची जहाजं निघत आणि ईस्ट इंडिया कंपनीची मालाने भरलेली गलबतं धरून नेत. त्यांतलं एक नावाजलेलं जहाज ‘पिएमाँतेझ’, कप्तान एप्राँ. १८०६ च्या जूनमध्ये त्याने ‘वॉरन हेस्टिंग्ज’ हे कंपनीचं मोठं जहाज पकडलं. जहाज शरण आल्यावर मोरो नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने इंग्रज कप्तानाला खंजीर खुपसला. कप्तान वाचला, पण मोरोचं नाव इंग्रजांच्या डोक्यात बसलं.

हार्डिंजच्या जहाजाचं नाव ‘सान फिओरेन्झो’. गंमत म्हणजे तेही मुळात फ्रेंचच. १७९४ मध्ये कॉर्सिका बेटाच्या सान फिओरेन्झो बंदरात फ्रेंचांनी ते बुडू दिलं, इंग्रजांनी तळातून वर काढलं, डागडुजी केली आणि बंदराचंच नाव त्याला दिलं. म्हणजे ही लढाई तशी दोन फ्रेंच जहाजांची.

१८०८ च्या ४ मार्चला ‘सान फिओरेन्झो’ सिलोनच्या गॉल बंदरातून मुंबईकडे निघालं. ६ तारखेला सकाळी कंपनीची तीन जहाजं वाटेत भेटली, आणि त्यांच्यावर टपलेलं ‘पिएमाँतेझ’ही दिसलं. इंग्रज लढाऊ जहाज पाहून फ्रेंचाने शिडं फिरवली. मग पाठलाग सुरू झाला, आणि तो एका दिवसात संपला नाही. मध्यरात्रीच्या सुमारास पहिली चकमक झाली, जेमतेम दहा मिनिटांची. ७ ला सकाळी दोन तास तोफा चालल्या. त्यात हार्डिंजच्या जहाजाची शिडं-दोरखंड असे फाटले की पुढे जाणं अशक्य झालं. दिवसभर दुरुस्ती, रात्रभर पुन्हा पाठलाग. शिडांच्या जहाजांची लढाई मला इथेच खरी कळली. तोफेपेक्षा दोर ओढणारे, शिड शिवणारे, डोलकाठीवर चढणारे हात तिथे जास्त लागतात.

८ तारखेला दुपारी चारच्या सुमारास दोन्ही जहाजं पुन्हा भिडली. फ्रेंचांच्या दुसऱ्याच सरबत्तीत छर्ऱ्याच्या माऱ्याने हार्डिंज पडला. सूत्रं लेफ्टनंट डॉसनकडे गेली. तासाभराहून थोड्या जास्त वेळात फ्रेंच निशाण उतरलं. इंग्रजांकडचे १३ मेले, २५ जखमी झाले. फ्रेंचांकडे ४८ मृत आणि ११२ जखमी. जबर जखमी झालेला मोरो इंग्रजांच्या हाती जिवंत लागला नाही. हार्डिंजला कोलंबोत लष्करी इतमामाने पुरलं. म्हणजे मुंबईच्या संगमरवराखाली त्याचा देह नाही.

या लढाईच्या वर्णनांत एक आकडा जाता जाता येतो आणि माझं मन तिथेच अडकतं. ‘पिएमाँतेझ’वर ३६६ फ्रेंच होते आणि शिडं सांभाळायला जवळजवळ २०० लष्कर. लष्कर म्हणजे सैन्य नव्हे. इंग्रजी जहाजांवर हिंदी खलाशांना हा शब्द होता. लुटलेल्या जहाजांवरून हे खलाशी धरून आणलेले. ज्यांची लढाई नाही, ज्यांचा राजा नाही, असे दोनशे लोक गोळ्यांच्या पावसात दुसऱ्याचे दोर ओढत होते. हिंदी खलाशांची भरती कोकण, गुजरात, बंगाल अशा किनाऱ्यांवरून होत असे. जहाजावरची त्यांची बोली अर्धी आपलीच: सारंग, तांडेल, भंडारी. माझ्या वाचनात आलेल्या वर्णनांत त्या दोनशेंपैकी एकाचंही नाव नाही.

हार्डिंजला मात्र दोन स्मारकं मिळाली. दुसरं लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये, चार्ल्स मॅनिंग या शिल्पकाराचं. त्या शिल्पात शवपेटीच्या कडेला एक हिंदी योद्धा बसलेला आहे आणि त्याच्या हातात विजयी ब्रिटिश निशाण आहे. इंग्रज-फ्रेंचांच्या भांडणात या हिंदी माणसाने निशाण का धरावं, हे मॅनिंगलाच ठाऊक. लढाईच्या साली आमच्या डोंगराखालच्या मुलखात पेशवाई चालू होती, दुसऱ्या बाजीरावाची. शिल्पकाराने निकाल आधीच लावून टाकला.

घराण्याचं पुढे चांगलं झालं. जॉर्जचा धाकटा भाऊ हेन्री १८४४ मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला. हेन्रीचा नातू १९१० मध्ये व्हाइसरॉय होऊन आला, आणि १९१२ मध्ये दिल्लीत हत्तीवरून मिरवताना ज्याच्यावर बॉम्ब पडला तो लॉर्ड हार्डिंज हाच. त्याच वर्षी १ डिसेंबरला माथेरानमध्ये एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मला. वकील झाला, बेचाळीसच्या चळवळीत मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडू लागला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात हिराजी पाटलांसह पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. दर २ जानेवारीला आमच्याकडची माणसं पहाटे काळोखात सिद्धगडच्या स्मारकाकडे चालत जातात. हार्डिंजसाठी ८ मार्चला कॅथीड्रलमध्ये कोणी आलेलं मी तरी पाहिलेलं नाही. मी गेलो त्या दिवशी तिथे वाऱ्याला बसलेला एक झेरॉक्सवाला पोरगा होता आणि मी.

पण म्हणून हार्डिंजवर राग धरावासा वाटत नाही. सव्वीस वर्षांचा पोरगा होता, दोन दिवस-दोन रात्री शत्रूचा पिच्छा न सोडणारा. त्याचं नाव कोरलं, ठीकच केलं.

कॅथीड्रलमधून निघून मी मस्जिद बंदराकडे वळलो. तिथे इंडियन सेलर्स होम आहे, हिंदी खलाशांसाठीची वास्तू. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या आणि कबर न मिळालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या हजारो खलाशांची नामावलीही तिथेच, आणि तिचीच जुळी प्रत चितगावला. जहाजाच्या पोटात कोळसा ओढणारे आगवाले, तांडेल, सारंग अशा माणसांची ही नावं, हार्डिंजनंतर शंभराहून जास्त वर्षांनी नोंदलेली. अमुक अमुकचा मुलगा, तमुक गाव, असं वाचत गेलो तर नेरळची शेवटची मिनी ट्रेन चुकणार हे दिसत होतं. तरी रेटून वाचत राहिलो.

रात्री, डोंगरावर मोटारी थांबतात त्या दस्तुरीहून चालत घरी गेलो.