गच्चीवर ऊन, घरात अंधार

आपल्या बडोदेकर मंडळींपैकी बऱ्याच जणांच्या गच्चीवर आता सोलर पॅनेल दिसतात. नव्याने बसवू पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे आता लाइट गेली तरी चिंता नाही ना?"

चिंता असते. मला ते ऑगस्ट २०२४ च्या पुरात कळलं. विश्वामित्रीचं पाणी आमच्या समा भागात शिरलं आणि खबरदारी म्हणून वीज बंद झाली. पाऊस थांबला, तरी पाणी उतरेना. गच्चीवर ३ किलोवॅटची पॅनेल पावसानं धुऊन लखलखीत, वर ऊन आलेलं, आणि खाली आईचा नेब्युलायझर लावायला वीज नाही. शेजारी विचारत होते, "तुमच्याकडे तर सोलर आहे ना?" काय सांगणार!

घरांवरची बहुतेक सोलर यंत्रणा 'ऑनग्रिड' असते. तिचा इन्व्हर्टर वीज कंपनीच्या तारेतल्या प्रवाहाशी ताल जुळवून चालतो. तो प्रवाह थांबला की इन्व्हर्टरही क्षणात थांबतो. हा बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. नाहीतर तार बंद आहे असं समजून लाइनमन खांबावर चढायचा आणि तुमच्या गच्चीवरची वीज त्याच तारेत यायची.

एरवी हीच तार आपल्याला बॅटरीसारखी उपयोगी पडते. दिवसा जास्तीची वीज बाहेर जाते, रात्री आपण तिकडून घेतो आणि नेट मीटर हिशेब ठेवतो. त्यामुळे नुसतं बिल कमी करायचं असेल, तर माझ्या मते बॅटरीच्या भानगडीत पडू नये. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, पण बॅटरीसाठी वेगळं काही नाही.

घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल, तर गोष्ट निराळी. आम्ही त्यासाठीच बॅटरी घेतली. जुना इन्व्हर्टर बदलून हायब्रिड बसवावा लागला. लाइट गेली की तो घराला बाहेरच्या तारेपासून तोडतो आणि पॅनेल व बॅटरीवर घर चालवतो. दिवसा बॅटरी पुन्हा भरते, म्हणून दोन-तीन दिवस वीज नसली तरी निभतं. मात्र ३ किलोवॅटमधून स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट मिळत असली, तरी भर पावसाळी दिवशी त्याच्या चौथाईवरही समाधान मानावं लागतं.

बॅटरी घेताना दोन आकडे विचारा. युनिट म्हणजे टाकीत पाणी किती, आणि किलोवॅट म्हणजे नळ केवढा. ५ युनिटांच्या लिथियम बॅटरीतून चार-सव्वाचार युनिट वापरता येतात. दोन पंखे, चार एलईडी दिवे आणि वायफाय मिळून दीडशे वॅट धरले, तर रात्रीच्या दहा तासांत दीड युनिट जातं. फ्रिजचं अर्धं-पाऊण धरा. एसी मात्र तासाला एक-दीड युनिट खातो. पाण्याची मोटर सुरू होताना कितीतरी पट जोर मागते, तेव्हा इन्व्हर्टर ट्रिप होऊ शकतो. म्हणून गरजेच्या वस्तूंचं सर्किट वेगळं काढून घ्यावं. आपल्या नेहमीच्या १५० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीवर १.८ युनिट असा हिशेब निघतो, पण ती टिकवायची तर त्यातलं निम्मंच वापरावं. वर पाणी भरत राहायचं ते वेगळंच.

बॅटरी तळमजल्यावर ठेवू नका, हे बडोद्यात सांगायला नको. गच्चीवरच्या बंद पत्र्याच्या खोलीतही नको, उन्हाळ्यात तिची भट्टी होते. आमची पहिल्या मजल्यावर जिन्याजवळ, हवेशीर जागी आहे. आणि उत्तरायण झाली की गच्चीवर एक फेरी माराच. पॅनेलवर अडकून राहिलेला एक पतंग त्याच ओळीतल्या बाकीच्या पॅनेलचंही उत्पादन खाली ओढू शकतो. पॅनेलवर पाय देऊन मात्र तो काढू नका.

महिन्यातून एकदा आम्ही मेन स्विच पाडून बघतो. पहिल्यांदा पाडला तेव्हा दिवे लागले, फ्रिज चालू राहिला, पण आईच्या खोलीतला नेब्युलायझरचा प्लग बंद. वायरमननं तो एसीच्या सर्किटवर जोडला होता. दुसऱ्या दिवशी बोलावून बदलून घेतला.