मूळकूज: टाकीतले गरम पाणी आणि बाटलीतले औषध

मार्च संपत आला की हायड्रोपोनिक्सवाल्यांच्या तक्रारी एकाच सुरात येऊ लागतात. सकाळी टवटवीत असलेले लेट्यूस दुपारी मान टाकते, संध्याकाळी सावरते, आणि काही दिवसांनी सावरायचेही थांबते. नेटकप उचलून पाहिला तर मुळांचा पांढरा झुपका तपकिरी, बुळबुळीत झालेला असतो आणि पाण्याला कुजका वास येत असतो. मग धावाधाव होते ती कृषी सेवा केंद्राकडे. खरे तर तोपर्यंत खेळ बराचसा संपलेला असतो. मूळकूज टळते ती औषधाच्या बाटलीने कमी आणि टाकीतल्या तापमानाने जास्त, आणि ही तयारी मे महिन्यात करून चालत नाही. पण या बाबतीत इतक्या गोष्टी ऐकीव आहेत की त्या आधी बाजूला काढाव्या लागतात.

‘माती नाही म्हणजे मातीचे रोगही नाहीत’ हे विक्रेत्यांचे आवडते वाक्य, पण ते फसवे आहे. उन्हाळ्यातल्या मूळकुजीचा मुख्य गुन्हेगार पिथियम. त्यातही उष्णता आवडणारी पिथियम अफॅनिडर्मॅटम ही जात. रोपवाटिकेत टोमॅटो-मिरचीची रोपे बुडाशी कुजून कोलमडतात त्यामागे बहुधा हेच कुटुंब असते, आणि साताऱ्याकडचे आले उत्पादक त्याला कंदकुजीमुळे चांगले ओळखतात. पण पिथियम हा मुळात पाण्याचा जीव आहे. त्याचे फिरते बीजाणू दोन शेपट्यांच्या जोरावर पोहत मुळाच्या टोकाशी जातात. मुळातून पाझरणाऱ्या शर्करा आणि अमिनो आम्ले त्यांना वाट दाखवतात. मातीत त्यांना कणाकणातून वाट काढावी लागते, शिवाय इतर शेकडो सूक्ष्मजीव त्यांना जागा देत नाहीत. आपल्या टाकीत मात्र त्यांना मोकळे पाणी मिळते, स्पर्धक जवळजवळ नसतात, आणि वर आपणच पंप लावून ते पाणी एका रोपाकडून पुढच्या दोनशे रोपांकडे नेतो. मातीच्या वाफ्यात एका कोपऱ्यात अडकून राहिला असता तो रोग इथे एका आठवड्यात सगळ्या पाइपांत पोहोचतो.

तो येतो कुठून? विकत आणलेल्या रोपांबरोबर, चिखलाच्या चपलांबरोबर, धुळीतून, आणि उघड्या शेततळ्याच्या किंवा कालव्याच्या पाण्यातून. खोल बोअरचे किंवा नळाचे क्लोरीनयुक्त पाणी त्या मानाने निर्धोक. शेवाळावर पोसणाऱ्या बारीक काळ्या माश्याही त्याची वाहतूक करतात, म्हणून हिरवी झालेली टाकी म्हणजे केवळ अस्वच्छता नव्हे.

दुसरा गैरसमज खिशाला चाट लावणारा आहे: ‘बुरशी आहे, बुरशीनाशक टाका.’ पिथियम बुरशीसारखा दिसतो, तंतू सोडतो, पण तो खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. त्याची पेशीभित्ती प्रामुख्याने कायटिनची नसून सेल्युलोज आणि ग्लुकन यांची असते, आणि वंशावळीत तो तपकिरी समुद्रशेवाळाच्या जवळ बसतो. द्राक्षावरचा डाऊनी आणि बटाट्यावरचा उशिराचा करपा हे त्याचे भाऊबंद. म्हणूनच घराघरांत असणारे कार्बेन्डाझिम त्याच्यावर चालत नाही. नाशिकच्या बागायतदाराला हे सांगावे लागत नाही. डाऊनीसाठी वेगळी औषधे लागतात हे त्याला पाठ असते. मेटॅलॅक्झिलसारखे औषध या कुळावर चालते खरे, पण त्याला दाद न देणारे पिथियमचे प्रकार तयार होतात, आणि चार-पाच आठवड्यांत ताटात येणाऱ्या पालेभाजीच्या फिरत्या पाण्यात ते ओतणे मला मुळीच पटत नाही.

आता ऑक्सिजनकडे वळू, कारण इथे अर्धवट सत्य सर्वांत जास्त पसरले आहे. ‘पाणी गरम झाले की त्यात ऑक्सिजन उरत नाही’ असे सरसकट म्हटले जाते. आकडे वेगळे सांगतात. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन विरघळतो, २५ अंशांना ८.३, ३० अंशांना ७.५ आणि ३५ अंशांनाही जवळपास ७. म्हणजे दहा अंशांनी घट होते ती पाचव्या हिश्श्याहूनही कमी. एवढ्याने मुळे गुदमरत नाहीत. गुदमरतात ती मागणी वाढल्यामुळे. तापमान दहा अंश चढले की मुळांचा श्वसनवेग साधारण दुप्पट होतो, पाण्यातल्या जिवाणूंचाही वाढतो. पुरवठा थोडा आटलेला, खर्च दुप्पट, आणि झुपक्याच्या आतल्या मुळांपर्यंत पाणी पोहोचेस्तोवर बाहेरच्या मुळांनी त्यातला ऑक्सिजन ओढून घेतलेला. उपाशी मूळ कमजोर होते, त्याच्या पेशींतून जास्त रस पाझरतो, आणि नेमक्या त्याच वेळी पिथियम अफॅनिडर्मॅटमला हवे तसे तापमान असते. हे तीन धागे एकत्र आले की कूज होते. यातला एकच धागा धरून केलेला उपाय म्हणून तोकडा पडतो.

‘मग मोठा एअर पंप लावू’ हा असाच तोकडा उपाय. बुडबुडे कितीही सोडले तरी साध्या हवेने पाणी त्या तापमानाच्या संपृक्ततेच्या पुढे जात नाही. पंपाने कमतरता भरून निघते, मर्यादा वाढत नाही. पंप लागतोच, वाद नाही. पण तो पत्र्याखाली ठेवला असेल तर तो दिवसभर चाळीस अंशांची हवा टाकीत फुंकत असतो. तो सावलीत, शक्यतो घरातल्या बाजूला हवा. पाण्यात बुडवायच्या पंपाचेही गणित करून पाहावे. २० वॉटचा पंप चोवीस तास चालला तर सुमारे १,७०० किलोज्यूल ऊर्जा सोडतो. ती सगळी पाण्यातच राहिली तर १०० लिटर पाणी चार अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीचशी बाहेर निसटते, तरी गरजेपेक्षा दुप्पट ताकदीचा पंप घेण्याची हौस इथे महागात पडते. त्याऐवजी तो पैसा भारनियमनाच्या दुपारी चालणाऱ्या बॅटरीच्या एअर पंपावर घालावा.

बर्फाच्या बाटल्यांवरही लोकांची फार श्रद्धा. एक किलो बर्फ वितळून २५ अंशांपर्यंत येताना जवळपास ४४० किलोज्यूल उष्णता शोषतो. १०० लिटर पाणी एक अंशाने गार करायला ४१९ लागतात. म्हणजे शंभर लिटरला एक बाटली, एक अंश. दोनशे लिटरची टाकी ३१ वरून २४ वर आणायची तर चौदा बाटल्या लागतील, आणि दुपारी टाकी पुन्हा तापू लागली की त्यांचा हिशेब संपला. वीस लिटरच्या बादलीला मात्र एकच बाटली पाच अंश उतरवते, तिथे बर्फ खुशाल वापरावा.

उलट बाजूने पाहिले तर खरा शत्रू दिसतो. मे महिन्याच्या भर दुपारी उन्हासमोरचा एक चौरस मीटर काळा पृष्ठभाग तासाभरात १०० लिटर पाणी सहा-सात अंशांनी तापवू शकेल इतकी उष्णता घेतो. दहा रुपयांचे ऊन अडवायचे सोडून शंभर रुपयांचा बर्फ कशाला आणायचा? टाकीला प्रकाश आत जाऊ न देणारा काळा थर हवाच, नाहीतर शेवाळ धरते. पण त्यावरून बाहेर पांढरा रंग द्यावा. तळाशी थर्माकोल, वर शेडनेट. शेतावर जागा असेल तर टाकी जमिनीत पुरावी, कारण काही फूट खाली जमिनीचे तापमान दुपारच्या उन्हाने हलत नाही. आणि टाकी मोठी घ्यावी: पाणी जितके जास्त तितके ते उशिरा तापते. पाइपमधून पातळ प्रवाह सोडण्याच्या पद्धतीत तर टाकीपेक्षा पाइपच जास्त तापतात, त्यामुळे थर्मामीटर टाकीत न बुडवता परतीच्या तोंडाशी धरावा. टाकीत २७ आणि परतीला ३४, अशी तफावत दिसली की लांबलचक पाइप तोडून आखूड करणे हाच इलाज.

ओल्या गोणपाटाने किंवा कूलरच्या पॅडने पाणी गार करण्याचा जुना मार्ग कुठे चालतो, याबद्दलही उलटा समज आहे. नागपूरच्या ४३ अंशांत काही होणार नाही आणि रत्नागिरीच्या ३३ अंशांत जमेल, असे वाटते. बाष्पीभवनाची मर्यादा हवेच्या ओलाव्यावर ठरते. ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचे तापमान सुमारे २५ पर्यंत उतरू शकते. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत ते २८ च्या खाली जातच नाही. विदर्भातल्या उत्पादकाने पाणी पॅडवरून फिरवून घ्यावे. कोकणातल्याने सावलीवर, नाहीतर सरळ चिलरवर भर द्यावा.

चिलर म्हटला की ‘सगळे पॉलिहाऊसच गार करावे लागेल’ ही भीती येते. तसे नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात तरंगत्या पाटांवरच्या लेट्यूसवर झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हवा ३१ अंशांवर असतानाही मुळांचे पाणी २४ वर राखले, तर विक्रीयोग्य गड्डे मिळाले. सिंगापूरमध्येही उष्ण हवेत केवळ मुळांचा भाग गार ठेवून थंड प्रदेशातले लेट्यूस काढण्यात आले. पानांना उकाडा सोसतो, मुळांना नाही. पण गार पाण्यात पिथियम मरतो, असाही अर्थ काढू नये: पिथियम डिसोटोकमसारख्या जाती थंड पाण्यातही मुळे पकडतात, पालकाची तर हमखास. तापमान उतरवल्याने त्याचा वेग कमी होतो आणि झाडाची ताकद वाढते, इतकेच.

तपकिरी मूळ म्हणजे कुजलेले मूळ, हेही खरे नाही. लोहाचे चिलेट, ह्युमिक आम्ल, समुद्री शेवाळाचा अर्क यांनी मुळांना डाग पडतात. मूळ चिमटीत धरून ओढावे. कुजलेल्या मुळाची साल हातात येते आणि मधला दोरा मागे राहतो. डागाळलेले मूळ घट्टच असते.

दुपारी कोमेजलेल्या झाडाला वाढीव खत देणे हा तर आगीत तेल ओतण्याचा प्रकार. उकाड्यात झाड क्षारांपेक्षा पाणी जास्त पिते, म्हणून द्रावणाची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजेच क्षारांची तीव्रता) आपोआप चढते. उन्हाळ्यात ती थोडी खालीच ठेवावी आणि भर साध्या पाण्याची घालावी. अपवाद पंपाशिवाय चालणाऱ्या क्रॅटकी पद्धतीचा. हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकींनी रूढ केलेल्या या पद्धतीत पातळी उतरत जाते आणि वरची मुळे हवेत राहून श्वास घेतात. डबा काठोकाठ भरून ठेवण्याच्या काळजीपोटी तीच मुळे बुडवली जातात.

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी, दोन्ही एकाच आठवड्यात घालणारे पुष्कळ आहेत. पेरॉक्साइड मित्र-शत्रू ओळखत नाही. विकत आणलेला ट्रायकोडर्मा त्यात जातो, आणि सेंद्रिय गाळ असेल तर पेरॉक्साइडही लवकर निष्प्रभ होते. एकच मार्ग निवडावा. जैविक मार्ग घेतला तर लागण होण्याआधी, रोपे लावतानाच. क्लोरीन पिकाच्या पाण्यात घालू नये, कारण खतातल्या अमोनियमबरोबर त्याचे क्लोरामाइन होते आणि ते लेट्यूसच्या मुळांना जाळते.

क्लोरीनची जागा दोन पिकांच्या मधली. कूज एकदा पसरली की रोपे उपटून पिशवीत बांधून बाहेर टाकावीत, कंपोस्टमध्ये नकोत. मग पाइप, एअर स्टोन आणि टाकीच्या भिंती ब्रशने घासाव्यात. चिकट थर तसाच राहिला तर क्लोरीन आतपर्यंत जात नाही, आणि पिथियमचे जाड भिंतीचे बीजाणू तिथेच दडून बसतात. घासून झाल्यावर क्लोरीनचे पाणी फिरवावे, साध्या पाण्याने धुवावे, सगळे उन्हात कडकडीत वाळवावे. आणि मे महिना मध्यावर आला असेल तर पुन्हा लेट्यूस लावण्याचा अट्टहास सोडून तुळस किंवा माठ घ्यावा. लेट्यूसला जून उजाडू द्यावा.