पाच टक्क्यांची रेघ

सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र 1933 मध्ये सुरू झालं. त्याच्या आठच वर्षं आधी रोनाल्ड फिशर यांचं संशोधकांसाठीचं सांख्यिकीचं पुस्तक ब्रिटनमध्ये निघालं होतं. फिशर इंग्लंडातल्या रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्राच्या शेतावरच्या प्रयोगांचे आकडे तपासत. त्यांच्या पद्धतीची गरज सोलापूरइतकी क्वचितच कुठे असेल. इथे एकाच बांधाच्या आत एकीकडे कंबरभर काळी माती, तर चार पावलांवर मुरूम उघडा पडलेला. मग एका वाफ्यात ज्वारी जास्त आली ती मशागतीमुळे की मातीमुळे?

फिशर यांचा तोडगा असा: प्रत्येक पद्धत अनेक वाफ्यांत घ्यायची आणि कुठला वाफा कुणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. पद्धतींत खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढी तफावत सरासरी विसांत एकदापेक्षा जास्त दिसणार नसेल, तर फरक 'सार्थक'. ही पाच टक्क्यांची रेघ निसर्गाने आखलेली नाही. 1926 मध्ये फिशर यांनी ती सोयीची म्हणून सुचवली.

आपल्याकडे ती रुजवली वि. गो. पानसे आणि साताऱ्याकडच्या बुधच्या पां. वा. सुखात्मे यांनी. त्यांचं पुस्तक 1954 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढलं आणि कृषी महाविद्यालयांत 'पानसे-सुखात्मे' हे एकच नाव होऊन बसलं.

पुढे मात्र ही रेघच निवाडा होऊन बसली. समजा, सरी-वरंब्यावर मालदांडी ज्वारी हेक्टरी दीड क्विंटल जास्त आली, पण सी.डी., म्हणजे सार्थक ठरायला लागणारा किमान फरक, निघाला 1.8. तक्त्यात 'एन.एस.', म्हणजे 'सार्थक नाही', असा शेरा पडतो, आणि वाचणारा म्हणतो, फायदा नाही. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच, की चार पुनरावृत्त्यांत मातीच्या गोंधळातून फरक वेगळा काढता आला नाही. उलट, चाळीस किलोंचा फरक सार्थक ठरला, तरी मजुरी वजा जाता शेतकऱ्याच्या हाती काय उरणार? आणि वीस गोष्टी तपासल्या, तर एखादी नुसत्या नशिबाने रेघेपार जाते, हे सोयीस्कर विसरलं जातं.

2016 मध्ये अमेरिकन सांख्यिकी संघटनेने बजावलं, की निव्वळ या रेघेवर निष्कर्ष काढू नयेत. कोरडवाहू पट्ट्यात पावसाने ते केव्हाच शिकवलं होतं. परतीचा पाऊस एका वर्षी धो-धो, दुसऱ्या वर्षी गायब. एका हंगामाच्या आकड्यावर विसंबणार कोण? म्हणून शिफारस करण्याआधी काही वर्षांचे आकडे एकत्र मांडतात, शेजारी खर्च-उत्पन्नाचं गुणोत्तर देतात, आणि महाराष्ट्रातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत त्यावर वाद घालतात.