रेवस ते रेडी, खाडीखाडीनं

कोकणचा किनारा गाडीनं करायचा म्हणजे निम्मा वेळ समुद्राकडे पाठ करून जायचं. सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्या आखूड, पण समुद्राजवळ येताच एवढं तोंड पसरतात की रस्ता निमूट आत वळतो. सावित्री बाणकोटला, वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला, काजळी भाट्याला, मुचकुंदी पूर्णगडला, वाघोटन विजयदुर्गला. २००४ पासून आम्ही दोघं बहुतेक दर वर्षी दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत यातला एखादा तुकडा करत आलो आहोत. ऊन भाजून काढतं हे खरं. पण पर्यटकांची झुंबड अजून सुरू झालेली नसते, हळवं भात कापून झालेलं असतं आणि परतीचा पाऊस उडव्या भिजवणार की नाही, एवढी एकच चर्चा गावोगाव चालू असते.

बायकोचं माहेर गुहागर तालुक्यातलं. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली. त्याआधी दापोलीकडून गाडी घेऊन गुहागरला यायचं तर खेड-चिपळूणला वळसा घालून शंभराहून जास्त किलोमीटर पडायचे. खाडीपलीकडचं गाव डोळ्यांना दिसतंय आणि तिथे पोचायला अर्धा दिवस, अशी तऱ्हा. सासरे त्या फेरीबोटीला शेवटपर्यंत ‘तर’च म्हणत, वेसवीच्या धक्क्यावर तिलाच ‘जंगलजेटी’ म्हणतात. नाव काहीही असो, चाल एकच. पोरगेलासा खलाशी हाताच्या इशाऱ्यांनी गाडी उलटी चढवायला लावतो. आरशात फळीच्या दोन्ही बाजूंचं पाणी दिसत असतं, मागच्या टेम्पोत आणि आपल्यात वीतभर जागा उरते, तरी तो ‘येऊ द्या, येऊ द्या’च म्हणत राहतो. मग साखळ्या खडखडतात, फळी वर उचलली जाते, डिझेलचा भपका येतो आणि ड्रायव्हर नावाच्या प्राण्याला काही मिनिटं काहीच काम उरत नाही. आमच्या संसारातली बरीचशी महत्त्वाची बोलणी या मोकळ्या मिनिटांत झालेली आहेत. घर घेण्याचं ठरलं ते वेसवी आणि बागमांडल्याच्या मध्ये.

बाणकोटच्या त्याच खाडीत अर्धवट पुलाचे खांब आम्ही वर्षानुवर्षं बोटीतून बघत आलो. सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुल्यांची, आणि हा त्यांच्या जिव्हाळ्याचा पूल. त्या खांबांवरून आमचा वाद ठरलेला. मला बोट हवी, तिला पूल. तिचं म्हणणं रोखठोक आहे: ‘पुण्याहून वर्षातून एकदा येणाऱ्याला तर आवडायचीच. शेवटची बोट गेल्यावर घरात कुणाच्या छातीत दुखायला लागलं, की मग सांग तुझं निसर्गसौंदर्य.’ याला उत्तर नाही. मी विषय मासळीकडे वळवतो.

मासळी म्हणजे हर्णै. संध्याकाळच्या लिलावाला होड्या पुळणीला लागू शकत नाहीत, म्हणून बैलगाड्या थेट पाण्यात जातात आणि टोपल्या भरून बाहेर येतात. बैलांच्या पोटापर्यंत लाट येते, त्यांना त्याचं काही नाही. नारळी पौर्णिमेनंतरचा हंगाम तेव्हा ऐन भरात असतो.

२०२१ च्या दिवाळीत मात्र श्रीवर्धन-दिवेआगर बघवेना. आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ तिथेच किनाऱ्याला आदळलं होतं. जिथे पूर्वी वाडीत शिरलं की भर दुपारी दिवा लावावासा वाटे, तिथे ऊन थेट जमिनीवर पडत होतं. श्रीवर्धनी रोठा सुपारी नावाजलेली. पण सुपारीचं रोप आज लावलं तरी उत्पन्नाला काही वर्षं जातात, आणि सुपारीच्या सावलीवर वाढलेली मिरी, जायफळंही तिच्याबरोबर गेलेली. ओळखीच्या आजी गुडघाभर रोपांना पाणी घालत होत्या. ‘ही नातवाची,’ म्हणाल्या आणि आम्हाला कोकम सरबत आणायला आत गेल्या.

रत्नागिरीच्या खाली किनाऱ्याचा स्वभावच पालटतो. पुळण कमी, कडे जास्त. कशेळीला काळ्या खडकांच्या बेचक्यात समुद्र आत घुसतो आणि वर जांभ्याचा सडा, कोसभर सपाट. आम्हा दोघांना सगळ्यात आवडलेली जागा हीच. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या मित्रांनी सडे पालथे घालून कातळशिल्पं शोधली, आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती एवढा अवाढव्य की जवळ उभं राहिलं तर हत्ती कळतच नाही, नुसत्या रेघा दिसतात. आणि त्याच्या पोटात आणखी जनावरं कोरलेली. शरदात गवत पिवळं पडून झुकलेलं असतं, खोदलेल्या चरांत पावसाचं शेवटचं पाणी साचलेलं. तिरपं ऊन आलं की आकृती आपोआप उठून दिसते. देवाचे गोठणेच्या मनुष्याकृतीवर होकायंत्राची सुई भरकटते, म्हणून तिथे आलेला जो तो मोबाइल धरून वाकलेला. आम्हीही वाकलो.

आता मुंबईकडून अटल सेतू झालाय. रेवस-कारंजा, आगरदांडा-दिघी, बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड असे पूल हाती घेतलेले आहेत. ते झाले की सबंध किनारा एका सलग रेघेत जोडला जाईल, आणि जमिनीचे भाव आत्ताच त्या हिशेबानं बोलू लागलेत. या मुद्द्यावर बायकोही पुलाच्या बाजूनं उभी राहत नाही. तिच्या भावाकडे दलालांच्या खेपा सुरू झाल्या आहेत.

यंदा आम्हाला देवगडच्या खाली जायचंय. मालवणच्या आसपास बेसाल्ट संपून जुने खडक लागतात, रेडीला लोहखनिजाच्या खाणी. त्या टप्प्यात बहुतेक खाड्यांवर पूल केव्हाच झालेत. भांडायला दुसरा विषय शोधावा लागेल. तिनं आतापासूनच माझ्या गाडी चालवण्याबद्दल बोलायला सुरुवात केली आहे.