वऱ्हाडातली फारसी, इंग्रजीतला पर्शिया

यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्याला कास्तकार म्हणतात. पुसदपासून वणीपर्यंत कुठेही थांबा, 'यंदाच्या हंगामात मजूर भेटला नाही, बाजारात भाव नाही, जमीन गहाण पडली' असे गाऱ्हाणे कानावर येते. त्यातले हंगाम, मजूर, बाजार आणि जमीन हे चारही शब्द फारसी. गाऱ्हाणे सांगणारा कास्तकारही फारसीच, कारण 'काश्त' म्हणजे पेरणी, लागवड. जिल्हा, तहसील, कर्ज हे शब्द मूळचे अरबी, पण आपल्याकडे पोचले ते फारसीच्या हातून.

ही फारसी इथे आणली कोणी, असे विचारले की बहुतेक जण पटकन सांगतात, इराण्यांनी. या उत्तरामागे इंग्रजीची सवय आहे. माणूस, भाषा, साम्राज्य, गालिचा, मांजर, सगळ्यांना इंग्रजी 'पर्शियन' म्हणते आणि त्याच देशाच्या नागरिकाला, सैन्याला, चित्रपटाला 'इराणियन'. दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत, एक जुना आणि एक नवा, असा समज त्यातून होतो. तो बरोबर नाही, आणि हे वऱ्हाडाच्या इतिहासाइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

आधी नावांचा उगम पाहू. इराणच्या नैर्ऋत्येला पार्स नावाचा प्रदेश आहे. शिराझ त्यातलेच, आणि पर्सेपोलिसचे भग्न राजवाडेही तिथलेच. सायरस आणि दरायस या सम्राटांचे घराणे पार्सचे. ग्रीकांनी त्या प्रांताच्या नावावरून सगळ्या साम्राज्याला नाव दिले आणि युरोपने ते उचलले. अरबीत 'प' हा उच्चार नाही, म्हणून पार्सचे फार्स झाले आणि तिथल्या भाषेची फारसी. संस्कृतातही हे लोक 'पारसीक' म्हणून येतात. कालिदासाचा रघू दिग्विजयात त्यांच्यावर चालून जातो. देशातले लोक मात्र देशाला इराणच म्हणत आले. सासानी राजांच्या काळी 'एरानशहर' म्हणजे आर्यांचे राज्य हे नाव रूढ होते.

१९३४ च्या अखेरीस रझाशहाच्या सरकारने परदेशी वकिलातींना कळवले की पुढच्या नवरोजपासून, म्हणजे मार्च १९३५ पासून, पत्रव्यवहारात देशाचे नाव इराण असेच लिहावे. अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीची अँग्लो-इराणियन झाली. दुसऱ्या महायुद्धात इराण आणि इराक या नावांचा घोटाळा होऊ नये म्हणून चर्चिलने सरकारी कागदांत पुन्हा पर्शिया लिहायला लावले. जुन्या नावाबरोबर जुनी कीर्तीही हातची जाते, अशी तक्रार इराणी विद्वानही करत होते. १९५९ मध्ये एहसान यारशातेर यांच्या समितीच्या सल्ल्याने दोन्ही नावे चालतील असे ठरले. १९७९ च्या क्रांतीनंतर आणि तेहरानमधल्या अमेरिकी ओलीसांच्या प्रकरणानंतर अमेरिकेत राहणारे अनेक इराणी स्वतःला 'पर्शियन' म्हणवू लागले, कारण इराण म्हटले की समोरच्याचा चेहरा बदलायचा. माणसाला स्वतःच्या देशाचे नाव लपवावे लागणे ही मला फार दुःखाची गोष्ट वाटते.

मराठीला या उलथापालथीची झळ लागली नाही. १९३५ चा बदल युरोपीय भाषांसाठी होता. आपल्याकडे देश इराण, भाषा फारसी, ही विभागणी आधीपासूनच होती. मोगल दरबारात सरदारांचे इराणी आणि तुराणी असे दोन गट होते आणि मराठ्यांचा त्या दोघांशीही व्यवहार होता.

इंग्रजीतला फरक विदर्भातल्या माणसाला परक्या उदाहरणाशिवाय कळू शकतो. वऱ्हाडी आणि वैदर्भीय यांत जो फरक, तोच पर्शियन आणि इराणियन यांत. झाडीपट्टीतला माणूस वैदर्भीय आहे, वऱ्हाडी नाही. केळापूर-झरीकडचा कोलाम कोलामी बोलतो, पुसद-दिग्रसकडचा बंजारा गोरमाटी बोलतो. दोघे पक्के यवतमाळचे, पण वऱ्हाडी बोली त्यांची मायबोली नव्हे. इराणातही तब्रीझचा अझेरी तुर्की बोलतो, सनंदजचा कुर्द कुर्दी, झाहेदानचा बलुच बलुची, अहवाझकडचा अरब अरबी. हे सगळे इराणियन आहेत, पर्शियन नाहीत. उलट बाजूने पाहिले तर अफगाणिस्तानातली दरी आणि ताजिकिस्तानातली ताजिक ही फारसीचीच रूपे आहेत, आणि ती बोलणारे इराणियन नाहीत. भाषाशास्त्रज्ञ 'इराणियन भाषा' म्हणतात तेव्हा त्यात पश्तू आणि कॉकेशसमधली ओसेटिकही येते. तो देशाचा नव्हे, भाषाकुळाचा अर्थ आहे.

आता पुन्हा वऱ्हाडात. १३४७ मध्ये स्थापन झालेल्या बहमनी राज्याच्या चार सुभ्यांपैकी वऱ्हाड एक. दरबार फारसी, आणि घराणे इराणी पुराणकथांतल्या बहमनशी नाते सांगणारे. या काळातला खरोखर इराणातून आलेला मोठा माणूस म्हणजे वजीर महमूद गावान. सुभेदार डोईजड होऊ नयेत म्हणून त्याने वऱ्हाडाचे गाविलगड आणि माहूर असे दोन भाग केले. माहूर आज नांदेड जिल्ह्यात आहे, पण पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा सुरू होतो. गावानचे गाव गिलानमध्ये, कॅस्पियन समुद्राकाठी, आणि गिलानची लोकभाषा गिलकी. म्हणजे वऱ्हाडाच्या फारसी कारभारावर छाप सोडणारा हा इराणी माणूसही पार्सचा नव्हता. दख्खनी आणि परदेशी सरदारांच्या वैरात १४८१ मध्ये त्याला ठार करण्यात आले.

त्याच्यानंतर वऱ्हाडात इमादशाही आली. तिचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क जन्माने विजयनगरच्या मुलखातला हिंदू. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड घेतले. त्या घराण्याचा मूळ पुरुष पाथरीच्या ब्राह्मण कुळातला मानतात. मग १५९६ मध्ये मोगल आले, तुर्की वंशाचे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त बरार सुभ्याच्या सरकारांमध्ये कळंब आणि माहूर ही दोन नावे आहेत, आणि आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा बराच मुलूख या दोहोंत मोडत असे. आपण वऱ्हाड म्हणतो, फारसी दफ्तरांत बरार, त्यावरून इंग्रजांचे 'बेरार'. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिझखानाला मारून निजाम-उल-मुल्काने दख्खन हाती घेतले. तो तुराणी गटाचा पुढारी, पूर्वज मध्य आशियातले. त्याच्या वंशजांच्या आणि नागपूरकर भोसल्यांच्या दुहेरी वसुलीला वऱ्हाडात 'दोअमली' म्हणत. त्यातला 'दो' फारसी आणि 'अमल' अरबी. हैदराबादेत राज्यकारभाराची भाषा १८८४ पर्यंत फारसीच होती, आणि वऱ्हाड मात्र १८५३ मध्येच इंग्रजांच्या ताब्यात गेले होते.

या यादीत इराणी राजघराणे एकही नाही. साडेचारशे-पाचशे वर्षे वऱ्हाडाचा महसूल फारसीत लिहिला गेला आणि तो लिहून घेणारे तुर्क, दख्खनी, मोगल, तुराणी होते. लिहिणारे पुष्कळदा इथलेच कारकून. फारसी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्याचे आडनाव पारसनीस झाले, चिठ्ठ्या लिहिणाऱ्याचे चिटणीस. यांतला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. फारसी ही तेव्हा सरकारी नोकरीची भाषा होती, एका देशाची मालमत्ता नव्हती. म्हणून 'मराठीवर इराणी प्रभाव' असे जे लिहिले जाते ते मला पटत नाही. प्रभाव फारसीचा आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी करवून घेतलेल्या राज्यव्यवहारकोशात सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. ते काम एका कारभारी भाषेच्या वर्चस्वाविरुद्ध होते, इराण देशाशी त्याचा संबंध नव्हता.

महाराष्ट्रात या शब्दांवरून कोर्टकचेरीही झाली आहे. हजारेक वर्षांपूर्वी गुजरातेत आलेले जरथुष्ट्री ते पारशी. यझ्द आणि किरमानकडून एकोणिसाव्या शतकात आणि पुढे आलेले जरथुष्ट्री ते इराणी. मुंबईतले अनेक जुने इराणी हॉटेलवाले यांपैकीच, काही शिया मुसलमानही. धर्म एक, मूळ देश एक, तरी नावे दोन, कारण येण्याच्या काळात शतकांचे अंतर. १९०८ च्या पेटिट विरुद्ध जीजीभाई खटल्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे पारशी कोणाला म्हणावे हा प्रश्न आला. न्या. दावर यांनी मूळ स्थलांतरितांच्या वंशजांबरोबर, भारतात कायमचे किंवा तात्पुरते आलेले जरथुष्ट्री इराणीही त्यात धरले. विदर्भाच्या कापसाच्या भरवशावर जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल काढली. त्यांना आपण पारशी म्हणतो, इराणी म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे.

'इराणी' याच नावाचा आणखी एक समाज म्हणजे महाराष्ट्राच्या गावागावांत चष्मे, सुऱ्या, खडे विकत फिरलेले आणि आता वस्त्या करून राहिलेले शिया इराणी. घरात फारसीची एक बोली बोलणारे हे लोक भारताचे नागरिक आहेत. वर्तमानपत्रांत 'इराणी टोळी' असा मथळा येतो तेव्हा आरोपी दोघे-चौघे असतात आणि बट्टा सगळ्या वस्तीला लागतो. आरोपीचे नाव छापावे, समाजाचे नाव मथळ्यात कशासाठी?

इंग्रजीतून मराठी करणाऱ्यांकडून आज सर्वांत जास्त गोंधळ कवींच्या बाबतीत होतो. 'पर्शियन कवी रूमी' असे सर्रास छापतात, आणि कुणी सुधारून 'इराणी कवी रूमी' करतो. रूमीचे घराणे बाल्खचे, जे आज अफगाणिस्तानात आहे, आणि त्याचा मृत्यू तुर्कस्तानातल्या कोन्याचा. निझामी गंजाचा, म्हणजे आजच्या अझरबैजानचा. रूदकीचे गाव ताजिकिस्तानात. अमीर खुस्रो आणि गालिब तर आपलेच. हे सगळे फारसी कवी आहेत. इराणी कवी म्हणावेत ते शिराझचे सादी आणि हाफिझ. इकडे मराठीत 'फारसी' हा नेमका शब्द शतकानुशतके वापरात असताना इंग्रजीतून 'पर्शियन' उसना का आणायचा? गंमत अशी की इराणच्या भाषा अकादमीने इंग्रजी लिहिणाऱ्यांना उलटा सल्ला दिला आहे: इंग्रजीत 'फारसी' म्हणू नका, 'पर्शियन' म्हणा, म्हणजे त्या नावामागची जुनी साहित्यपरंपरा वाचकाच्या मनातून तुटणार नाही. इंग्रजीपुरते ते योग्यच आहे.

उमर खय्याम निशापूरचा, खोरासानातला. १८५९ मध्ये फिट्झजेराल्डने त्याला इंग्रजीत आणले तेव्हा शीर्षकातच 'पर्शियाचा खगोलज्ञ-कवी' अशी ओळख करून दिली आणि जगाने तीच धरली. मराठीत खय्याम आणला माधव ज्युलियन यांनी. ते फारसीचे प्राध्यापक. १९२५ मध्ये त्यांचा फारसी-मराठी कोश आला, १९२९ मध्ये मूळ फारसीवरून केलेल्या रुबाया, आणि १९३१ मध्ये 'द्राक्षकन्या', जी फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून केलेली. फारसी खय्याम निराळा आणि इंग्रजांचा निराळा हे त्यांनी ओळखले होते, म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे छापले. पुढे त्यांनीच मराठीतले फारसी-अरबी शब्द कमी करण्याची बाजू घेत १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. त्या मताशी मी सहमत नाही. कास्तकार हा शब्द यवतमाळच्या मातीत इतका रुजला आहे की त्याला परका ठरवायला मी तयार नाही. पण कोणता शब्द कोठून आला हे त्यांनी कोशात शब्दागणिक नोंदवून ठेवले, आणि शुद्धीचा वाद घालायचा असो वा नसो, आधी तो कोश उघडावा लागतो.