वंशावळीतील माता : मत्तयाचे शुभवर्तमान आणि पालि साहित्य

वंशावळ हा शब्द आमच्या वाचकांच्या कानाला गोड लागत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. कोण कोणाच्या पोटी जन्मला यावरून ज्या समाजात पाणवठा आणि शाळेचा उंबरठा ठरत असे, तेथे पूर्वजांच्या यादीविषयी प्रेम कोठून असणार? म्हणूनच बायबलमधील नव्या कराराच्या पहिल्याच पानावर नावांची लांबलचक माळ दिसताच बौद्ध वाचक ती ओलांडून पुढे जातो. ती ओलांडू नये, असे आम्हांस वाटते.

यहुदी समाजात वंशावळीला कायद्याचे बळ होते. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या काही याजक घराण्यांना आपली नावे वंशावळीच्या पटात सापडली नाहीत; म्हणून अशुद्ध ठरवून त्यांना याजकपदावरून दूर करण्यात आले, अशी हकीकत एज्राच्या ग्रंथात आहे. हा न्याय आपणांस परका नाही.

या पार्श्वभूमीवर मत्तयाची यादी पाहावी. अब्राहामापासून येशूपर्यंत चौदा-चौदा पिढ्यांचे तीन भाग त्याने पाडले आहेत. हिशेब मुद्दाम बसविलेला आहे. मधले तीन राजे गाळले आहेत, आणि शेवटच्या भागातील नावे सामान्य रीतीने मोजली तर तेराच भरतात. हिब्रू अक्षरांना अंकमूल्य असते व दावीद या नावाची बेरीज चौदा होते, हे त्याचे कारण असावे असे अनेक अभ्यासक मानतात. तेव्हा केवळ नोंद ठेवणे हा या यादीचा हेतू नाही.

तो हेतू उलगडतो स्त्रियांच्या नावांतून. मरीयेच्या आधी येथे चार माता येतात. पण त्यांत सारा किंवा रिबका या मान्यवर कुलमाता नाहीत. तामार ही सासऱ्यापासून पुत्रवती झालेली विधवा. राहाब ही यरीहोची वेश्या. चौथीचे नावही न घेता केवळ 'उरीयाची पत्नी' असा उल्लेख आहे, आणि उरीया हित्ती होता. तिसरी रूथ, ही मवाबी. मवाब्याला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, असा दंडक मोशेच्या नियमशास्त्रात आहे. आणि रूथ ही तर साक्षात दावीद राजाची पणजी! शुद्ध वंशाचा अभिमानी हे नाव झाकून ठेवता. ख्रिस्ती भाष्यकार येथे देवाची कृपा परकीयांपर्यंत व पतितांपर्यंत पोहोचल्याचे पाहतात. शेवटचा दुवा त्याहून विलक्षण आहे. सारी माळ योसेफापर्यंत येते, आणि येशू योसेफाच्या रक्ताचा नाही हे तोच लेखक लगेच सांगतो. लूक आपली यादी थेट आदामापर्यंत नेतो.

पालिच्या अभ्यासकाला येथे अस्सलायन सुत्त आठवल्यावाचून राहत नाही. 'मातेकडून व पित्याकडून सात पिढ्या शुद्ध' हे ब्राह्मणाचे लक्षण निकायांत वारंवार येते. या सुत्तात असित देवल सात ब्राह्मण ऋषींना विचारतो, की आपली माता, मातेची माता, अशा सात पिढ्या ब्राह्मणाकडेच गेल्या हे आपणांस ठाऊक आहे काय? ऋषींना नाही म्हणावे लागते. अम्बट्ठ सुत्तात शाक्यांना हिणविणाऱ्या अम्बट्ठाचा मूळपुरुष कण्ह हा ओक्काक राजाच्या दिसा नामक दासीचा पुत्र निघतो. पण सोबतचे तरुण अम्बट्ठाला दासीपुत्र म्हणू लागताच, कण्ह थोर ऋषी झाला असे सांगून भगवंतांनी त्याला सावरलेही. हा उत्तरार्ध आपल्या व्याख्यानांतून बहुधा गळतो.

तथापि एक भेद राहतोच. मत्तयाला दावीदाचा वंश सोडून चालत नाही, कारण मसीहा दावीदाचा पुत्र असणार ही अपेक्षा त्याला पूर्ण करावयाची आहे. निदानकथेत कपिलवस्तूच्या रस्त्यावर भिक्षाटन करणाऱ्या पुत्राला शुद्धोदन म्हणतो, की आपल्या क्षत्रिय वंशात कोणी भिक्षा मागितली नाही. भगवंत उत्तरतात, की तो राजवंश आपला. माझा वंश दीपंकर, कोण्डञ्ञ यांच्यापासून कस्सपापर्यंतच्या बुद्धांचा. बुद्धवंसातील हे चोवीस पूर्वबुद्ध एकमेकांचे बापलेक नाहीत. कोणी क्षत्रिय कुळातला, कोणी ब्राह्मण कुळातला. अंगुत्तर निकायातील 'अरियवंस' तर माणसांची नावेच सांगत नाही. मिळेल त्या चीवरात, भिक्षेत व निवासात संतोष, आणि भावनेत रती, हेच तेथील चार प्राचीन वंश. भाब्रू शिलालेखात अशोकाने भिक्षू, भिक्षुणी, उपासक व उपासिका यांना जे धम्मग्रंथ वारंवार ऐकण्याची शिफारस केली, त्यांतील 'अलियवसाणि' म्हणजे हेच सुत्त असे बहुतेक अभ्यासक मानतात.